बांगडा नेमका कुठला?

पत्र: ताई, माझी सून चार महिन्यांची गरोदर आहे. वेर्ण्याला कंपनीत जाते, शिकलेली आहे, पण फोनवर वाचून एकेक पदार्थ ताटातून काढायला लागली आहे. आधी पपई गेली, ती जाऊ दे. मग इसवण (सुरमई) गेलं, मग बांगडा. ‘मॅकरेलमध्ये पारा असतो’ म्हणते. गेल्या आठवड्यात सोलकढीसुद्धा नको म्हणाली, सोलांनी यकृत बिघडतं म्हणे. इकडे मुलगा वडलांना रोज खोबरेल तेलाचे व्हिडिओ पाठवतो. ह्यांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट घातलाय. एक व्हिडिओ म्हणतो खोबरेल अमृत, दुसरा म्हणतो विष. मी मराठी शाळेत शिकले, पुढे बीए झाले, इंग्रजी वाचता येतं पण हळूहळू. शोधायला मलाही येतं, पण मी शोधलं की मला हवं तेच येतं आणि तिनं शोधलं की तिला हवं तेच येतं. नीट कसं शोधायचं ते सांगाल का?
– एक सासू, डिचोली

वहिनी,

तुमच्या एका वाक्यावर मी अडले. ‘मी शोधलं की मला हवं तेच येतं आणि तिनं शोधलं की तिला हवं तेच येतं.’ कॉलेजच्या ग्रंथालयात माझी अठ्ठावीस वर्षं गेली, त्यातली शेवटची दहा-बारा मुलांना संगणकावर शोधायला शिकवण्यात. इतकं स्वच्छ निदान मला प्राध्यापकांकडूनही कधी ऐकायला मिळालं नाही. आजार तुम्हीच ओळखलात, मी फक्त काढा सांगते.

तुम्ही फोनवर काय लिहिलं असेल ते मी न बघता सांगते: ‘बांगडा खाण्याचे फायदे’. आणि सुनेनं लिहिलं असेल ‘मॅकरेल, प्रेग्नन्सी, धोका’. यंत्र दिलेल्या शब्दांना जुळणारी पानं आणून देतं. ‘फायदे’ म्हटलं की फायद्यांच्या याद्या लिहिणारे धावत येतात, ‘धोका’ म्हटलं की घाबरवणारे. बाजारात टोपलीपुढे उभं राहून ‘ताजी आहे ना गो?’ असं विचारल्यासारखं आहे हे. कुठली बाई ‘नाही’ म्हणेल? म्हणून पहिली गोष्ट, प्रश्नातून निकाल काढून टाका. फायदे, तोटे, विष, अमृत, ‘चांगलं की वाईट’, सगळं बाहेर. उरतं काय? वस्तू, माणूस आणि मोजायची गोष्ट. ‘बांगडा, गरोदरपण, पारा किती.’ बस्स.

पण तुमच्या घरातलं भांडण एवढ्यानं मिटणार नाही. ते भांडण नावाचं आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं, म्हणजे एफडीएचं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी मासळीचं एक कोष्टक आहे. सूनबाईनं जे वाचलं ते कितीही हातांतून फिरून आलेलं असो, मूळ बहुधा तिथलंच. त्यात तीन रकाने आहेत: सगळ्यात चांगली मासळी, चांगली मासळी आणि टाळायची मासळी. आता गंमत बघा. मॅकरेल तिन्ही रकान्यांत आहे. अटलांटिक मॅकरेल पहिल्या, स्पॅनिश मॅकरेल दुसऱ्या आणि किंग मॅकरेल तिसऱ्या. आडनाव एक, घरं तीन. एफडीएच्याच मोजणीत अटलांटिक मॅकरेलमध्ये पारा सरासरी 0.05 पीपीएम आणि किंग मॅकरेलमध्ये 0.73. जवळजवळ पंधरापट! (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. किलोभर मासळीत तितके मिलिग्रॅम, असं धरा.) ‘मॅकरेलमध्ये पारा असतो’ हे वाक्य म्हणजे ‘नाईकांकडे पैसा असतो’ म्हटल्यासारखं झालं. कुठल्या नाईकांकडे?

आणि यांतला एकही मासा तुमच्या डिचोलीच्या बाजारात येत नाही. तिघेही पलीकडच्या समुद्रातले. आपला बांगडा शास्त्रीय नावानं रॅस्ट्रेलिगर कानागुर्टा. वीतभर लांबीचा, प्लवंग म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव खाऊन जगणारा. लांबी आणि आहार मुद्दाम सांगते आहे, कारण पाऱ्याचं सगळं गणित त्यावर चालतं. समुद्रातला पारा जिवाणूंमुळे मिथाइल मर्क्युरी या रूपात बदलतो, तो बारीक जिवांत शिरतो, त्यांना खाणाऱ्या लहान माशांत साठतो, लहान माशांना खाणाऱ्या मोठ्यांत आणखी. जो मासा मोठा, म्हातारा आणि दुसऱ्या माशांवर जगणारा, त्याच्या मांसात पारा जास्त. तो चरबीत नसतो, मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो, म्हणून तळून, उकडून किंवा पाणी ओतून टाकून जात नाही. बांगडा या साखळीत अगदी खालच्या पायरीवर. तारलाही तसाच. आपला तारला म्हणजे सार्डिनेला लाँगिसेप्स, तोही प्लवंग खाणारा. सुंगटांचं कोष्टकातलं नाव श्रिंप, तीही पहिल्याच रकान्यात, तारल्याच्या परदेशी भावंडांशेजारी.

इसवणाची गोष्ट वेगळी. इसवण म्हणजे स्कॉम्बेरोमोरस कॉमर्सन. अमेरिकी किंग मॅकरेल हा त्याच स्कॉम्बेरोमोरस कुळातला, म्हणजे सख्खा चुलत भाऊ. दोन मीटरच्या वर वाढू शकतो, दुसऱ्या माशांवर जगतो. गावठी इसवणाचा आकडा अमेरिकेच्या कोष्टकात नाही, तो तिथून उचलून इथं लावता येत नाही. पण मोठा मासा, मासेखाऊ मासा हा नियम त्यालाही लागू. तेव्हा इसवणाच्या बाबतीत मी सुनेच्या बाजूनं. हे काही महिने त्या जाड जाड फोडी बाकीच्यांनी खाव्या.

आता मला सांगा, घरात मोरी होते का? तुमच्या पत्रात मोरीचं नाव नाही, म्हणून विचारते. मोरी म्हणजे शार्क. एफडीएच्या तिसऱ्या रकान्यात शार्क आहे, सरासरी पारा 0.98 पीपीएमच्या आसपास, किंग मॅकरेलच्याही वर. मोरीवर तुमच्याकडे कुणी बंदी घातली नसेल, कारण ‘मोरी’ असं लिहून फोनला विचारलं तर नळाखालची मोरी दिसेल! आणि आपल्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी करून घालणारी घरं आहेत. कोष्टक अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही लागू आहे, हे लक्षात असू द्या. म्हणजे झालं काय बघा: नाव जुळलं म्हणून बिचारा बांगडा गेला, आणि नाव जुळलं नाही म्हणून मोरी राहिली.

हे नाव शोधायचं कसं? फिशबेस नावाचं एक मोफत संकेतस्थळ आहे, जगभरच्या माशांची जनगणनाच म्हणा. तिथं स्थानिक नावाच्या चौकटीत रोमन अक्षरांत ‘बांगडा’ लिहायचं. स्पेलिंग एकदा जमलं नाही तर दुसरं करून बघा, कोकणी-मराठी नावांची स्पेलिंगं ज्यानं त्यानं आपापल्या मनानं केलेली असतात. शास्त्रीय नाव मिळालं की फोटो बघून खात्री करा, आकार आणि आहार वाचा. मग ते दोन शब्दांचं नाव अवतरणचिन्हांत घालून गुगलला द्या, पुढे ‘मर्क्युरी’. अवतरणचिन्हं घातली की ते शब्द सलग, त्याच क्रमानं असलेली पानंच येतात. नको ते येत असेल, समजा सगळी मांजरांच्या खाण्याची पानं (मॅकरेल म्हटलं की ती येतातच), तर ‘कॅट’च्या आधी जागा न सोडता वजाचं चिन्ह. आणि फक्त भारत सरकारची पानं हवी असतील तर इंग्रजीत ‘साइट’, त्याला चिकटून कोलनची दोन टिंबं, त्याला चिकटून ‘गव्ह डॉट इन’. मध्ये जागा सोडली की बिघडतं.

जुन्या ग्रंथालयात लाकडी खणांत कार्डं असायची. त्यात एक कार्ड असं असे, की ज्यावर कुठलंच पुस्तक नाही, नुसतं ‘अमुक पाहा’. वाचकानं लोकांच्या तोंडचं नाव घेऊन यावं आणि कार्डानं त्याला शास्त्राच्या नावापर्यंत पोचवावं. गुगलनं ते कार्डच फाडून टाकलं. तुमचा ‘बांगडा’ ते परस्पर ‘मॅकरेल’ करतं आणि तुम्हाला न सांगता परक्या समुद्रावर नेऊन सोडतं.

तर बांगडा सुनेच्या ताटात परत येऊ शकतो. तेच कोष्टक गरोदर बाईला कमी पाऱ्याची मासळी आठवड्याला साधारण 225 ते 340 ग्रॅम खा असं सांगतं. म्हणजे सूर टाळण्याचा नसून खाण्याचा आहे. पोटातल्या बाळाच्या मेंदूला लागणारं डीएचए हे ओमेगा-3 तेलकट मासळीतून चांगलं मिळतं. डॉक्टरांनी तिला मासळीबद्दल वेगळं काही सांगितलं असेल तर अर्थात तेच खरं. आणि घाई करा, 1 जूनपासून 61 दिवस ट्रॉलरना बंदी. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले, खारवलेले बांगडे मी यात धरत नाही. त्यांतलं मीठ स्टेंटवाल्या माणसाच्या घरात वेगळाच विषय आहे.

सोलांचं प्रकरण थोडक्यात. तिथंही नावाचाच घोळ. वजन उतरवायच्या कॅप्सुली ‘गार्सिनिया कॅम्बोजिया’ या नावानं विकल्या जातात आणि त्या घेतलेल्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी खरोखर आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा लिव्हरटॉक्स नावाचा मोफत कोश आहे, त्यात वाचता येतील. (वजनही उतरत नाही ते वेगळंच. 1998 साली ‘जामा’ या नियतकालिकात आलेल्या चाचणीत 135 लोकांना 12 आठवडे घेऊन पाहिलं, खोट्या गोळीहून जास्त काही घडलं नाही.) ते झाड मलबारी चिंचेचं. आपलं भिरंड, म्हणजे कोकम, ते गार्सिनिया इंडिका. कुळ एक, झाड दुसरं. हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल दोन्हींच्या सालीत असतं हे खरं, पण अर्क काढून दाबून भरलेली रोजची कॅप्सूल कुठं आणि वाटीभर सोलकढीत भिजवलेली चार सोलं कुठं! सोलकढी राहू द्या. कॅप्सूल घरात कुणी आणली असेल तर ती सुनेच्या हाताला लागू देऊ नका.

पपईबद्दल तुम्ही ‘जाऊ दे’ म्हणालात, तर जाऊ दे. फक्त एवढं: त्या भीतीमागे जो अभ्यास सारखा दाखवला जातो, 2002 सालचा, सिंगापूरचा, तो उंदरांवरचा आहे. आणि त्यात पिकलेल्या पपईनं काही झालं नव्हतं, कच्च्या पपईच्या चिकानं गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावले होते. कच्ची टाळावी हे ठीक. पण अभ्यास कुणावर झाला, माणसावर, उंदरावर की काचेच्या नळीत, हे दरवेळी पहिल्या दोन ओळींत शोधायची सवय लावून घ्या.

आता तुमच्या ‘ह्यां’चं खोबरेल. इथं गुगल सोडा, पबमेडवर चला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ही सूची 1997 पासून सगळ्यांना फुकट खुली आहे. वैद्यकातल्या कोट्यवधी लेखांची नोंद, बहुतेकांचा सारांश आणि काहींचा पूर्ण लेख. तुम्ही साध्या इंग्रजीत ‘हार्ट अटॅक’ लिहिलंत तर ती स्वतःच त्याला ‘मायोकार्डिअल इन्फार्क्शन’ या शास्त्रीय शीर्षकाशी जोडून घेते. मघाचं ते ‘अमुक पाहा’ कार्ड इथं अजून जिवंत आहे, म्हणून माझा हिच्यावर जीव. ‘कोकोनट ऑइल, कोलेस्टेरॉल’ एवढंच लिहा. शेकडो लेख येतील, घाबरू नका. बाजूला चाळण्या आहेत. त्यांत ‘मेटा-अ‍ॅनालिसिस’ आणि ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’वर खूण करा, म्हणजे एकेकट्या अभ्यासांऐवजी अनेक अभ्यास एकत्र तपासलेले लेख उरतात. ‘फ्री फुल टेक्स्ट’वर खूण केली की पैसे न भरता पूर्ण वाचता येणारे.

तिथं तुम्हाला 2020 चा एक लेख भेटेल, ‘सर्क्युलेशन’ नियतकालिकातला. त्यात 16 लेखांतल्या चाचण्या एकत्र केल्या आहेत. सूर्यफूल, सोयाबीन यांसारख्या तेलांशी तुलना केली तर खोबरेल खाणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, दर डेसिलिटरमागे सरासरी 10.47 मिलिग्रॅमनं जास्त निघालं. एचडीएल, म्हणजे चांगलं समजलं जाणारं, तेही 4 मिलिग्रॅमनं वाढलं. ‘विष’वाले व्हिडिओ पहिला आकडा दाखवतात, ‘अमृत’वाले दुसरा.

आणि चाळण्या काढून शोधलंत तर 2016 चा एक लेख सापडेल, ‘इंडियन हार्ट जर्नल’मधला, केरळातला. हृदयविकार स्थिरावलेले 200 रुग्ण, निम्म्यांना स्वयंपाकात खोबरेल, निम्म्यांना सूर्यफुलाचं तेल, दोन वर्षं. फरक पडला नाही. अमृतवाल्यांचा हा आवडता. झाली ना पंचाईत? दोन्ही खरे लेख, दोन्ही माणसांवरचे, आणि सांगतात वेगवेगळं.

इथंच बसून वाचायचं असतं, वहिनी. केरळातल्या त्या रुग्णांचे हृदयविकाराचे नेहमीचे औषधोपचार चालूच होते, आणि त्या उपचारांत कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्या येतात. गोळी एलडीएलला खाली दाबून धरत असताना तेलानं ते किती वर ढकललं हे दिसणं कठीण. दुसरं, शेवटी ते 200 लोक. फरक दिसला नाही आणि फरक नाही, ही दोन वाक्यं एक नव्हेत. उलट 2020 च्या लेखातही फक्त रक्तातले आकडे आहेत, कुणाला झटका आला आणि कुणाला नाही ते नाही. तेव्हा मी असं वाचते: खोबरेलात संपृक्त चरबी 90 टक्क्यांच्या आसपास, ते एलडीएल थोडं वाढवतं, आणि ज्यांना स्टेंट आहे त्यांचे डॉक्टर एलडीएल खाली ठेवण्यासाठीच गोळी देतात. मग एका हातानं गोळी घ्यायची आणि दुसऱ्या हातानं सकाळी उपाशीपोटी दोन चमचे खोबरेल प्यायचं, याला काय म्हणावं? तसा व्हिडिओ मुलानं पाठवला असेल तर तो पुसून टाका. गोळी मात्र कुठल्याही व्हिडिओच्या सांगण्यावरून थांबवायची नाही, एक दिवससुद्धा.

पण म्हणून हुमणातला, म्हणजे माशाच्या आमटीतला, नारळही गेला का? लगेच नाही. या सगळ्या चाचण्या तेलाच्या आहेत. किसून वाटलेलं खोबरं म्हणजे नुसतं तेल नव्हे, आणि आठवड्याचं हुमण म्हणजे रोजचे चमचे नव्हेत. लेखातली वस्तू आणि तुमच्या कायलातली वस्तू एकच आहे का, हा बांगड्याचाच प्रश्न इथं पुन्हा येतो. किती नारळ चालेल ते त्यांचा ताजा रिपोर्ट बघून डॉक्टरच सांगतील.

रिपोर्टवरून आठवलं. ब्रिटिश पानांवर साखर 7 लिहिलेली दिसली तर दचकू नका. ते मिलिमोलमध्ये मोजतात. साखरेला 18 नं गुणा, 126 येतात, म्हणजे आपला ओळखीचा आकडा. कोलेस्टेरॉलला मात्र 38.67 नं गुणायचं. माझ्या एका शेजाऱ्यानं एलडीएल 3 वाचून इंग्रज लोक किती निरोगी म्हणून अर्धा तास कौतुक केलं होतं.

हसू नका, मीही काही कमी नाही. नोकरीत असताना एकदा घरच्या रसाचे, म्हणजे नारळाच्या दुधाचे, उष्मांक काढायला बसले. अमेरिकेच्या कृषी खात्याचा फूडडेटा सेंट्रल म्हणून मोठा संग्रह आहे, त्यात ‘कोकोनट मिल्क’ शोधलं, पहिलं आलं ते घेतलं आणि तीन मैत्रिणींना सांगून मोकळी झाले की रस अगदी हलका हो, पोटभर प्या. ते होतं खोक्यातून मिळणारं पातळ पेय, गाईच्या दुधाऐवजी चहात घालायचं. खोबरं वाटून पिळलेल्या रसाची नोंद खाली वेगळी होती, 100 ग्रॅमला 230 उष्मांक. माझ्या आकड्याच्या कितीतरी पट. एक मैत्रीण अजून ‘हलका रस’ म्हणून चिडवते.

तेव्हा आपल्या पदार्थांसाठी आपलं कोष्टक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 साली भारतीय अन्नपदार्थांची घटक-कोष्टकं काढली, 528 पदार्थ, देशाच्या सहा भागांतून नमुने गोळा करून. प्रत्येक पदार्थापुढे शास्त्रीय नाव आहे, त्यामुळे मघाचा सगळा गोंधळ टळतो. नाचणीत कॅल्शियम किती यावर बायका भांडतात ना, ते तिथं बघा: 100 ग्रॅमला 364 मिलिग्रॅम. कुठं 344 वाचलं असेल तर तो जुन्या कोष्टकाचा आकडा, खोटा नव्हे. फक्त हे आकडे कच्च्या वस्तूचे, खाण्याजोग्या भागाचे असतात. उकड्या तांदळाची पेज शंभर ग्रॅम म्हणजे तांदूळ शंभर ग्रॅम नव्हेत, पेजेत पाणीच जास्त. त्याच संस्थेची आहाराची 17 मार्गदर्शक सूत्रं 2024 मध्ये नव्यानं आली, त्यांत गरोदर बायकांच्या आहाराचंही आहे. तुम्हाला आणि सुनेला एकत्र वाचायला मी आधी तीच देईन. इंग्रजी हळू वाचता म्हणालात, त्याची काळजी नको. असलं लिखाण हळूच वाचायचं असतं, आमचे पदवीधर भरभर वाचून चुकतात. फोनवर जमेना तर पणजीला पाट्ट्यावर कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन बसा. ती संस्था 1832 पासूनची आहे, तिथली माणसं शोधून देण्यासाठीच बसलेली असतात, लाजायचं कारण नाही.

एक राहिलं. हल्ली गुगलच्या माथ्यावरच यंत्रानं लिहिलेलं तयार उत्तर येतं, आणि सून बहुधा तेवढंच वाचून फोन मिटत असेल. मुलं वेगळ्या चॅटबॉटलाही विचारतात. मी त्याला वाळीत टाकत नाही, कामाला लावते. ‘बांगड्याचं शास्त्रीय नाव काय’, ‘हा प्रश्न पबमेडवर कुठल्या इंग्रजी शब्दांनी शोधू’, ‘या सारांशाचा मराठीत अर्थ सांग’, असल्या कामांना ते बरं. निकाल मात्र त्याच्याकडे मागत नाही. ते अत्यंत आत्मविश्वासानं अस्तित्वात नसलेल्या लेखाचंही नाव सांगू शकतं, वर्षासकट. म्हणून त्यानं दिलेलं लेखाचं नाव पबमेडमध्ये घालून बघायचं. नाही सापडलं, तर तो लेख नाही असंच धरून चालायचं. आणि शास्त्रीय नावसुद्धा फिशबेसवर एकदा ताडून घ्यायचं.

सुनेशी हे सगळं जेवणाच्या ताटावर बोलू नका. पहिलटकरीण आहे, भीती खरी आहे, आणि पारा ही काही तिनं काढलेली कल्पना नाही. इसवणावर ती बरोबर होती, हे आधी सांगा. मग रविवारी दोघी एका फोनपुढे बसा. टाइप तिनं करायचं, तिचं इंग्रजी चालतं. नावं तुम्ही द्यायची, कारण मुड्डोशी कुठली, लेपो कुठला आणि पेडवे कुठले हे टोपलीत बघून तुम्हाला कळतं, तिला नाही आणि गुगलला तर नाहीच. जे सापडेल त्याची एका कागदावर नोंद करा: मासा, शास्त्रीय नाव, आठवड्याला किती, कुठं वाचलं. पुढच्या तपासणीला जाताना तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. ह्यांच्यासाठी दुसरा कागद, त्यावर तेल कुठलं, महिन्याला किती बाटल्या, नारळ किती. बाटल्यांचा आकडा लिहिताना मुलाला शेजारी बसवा.

मोरीचं काय ते मला कळवा.